बघायला काही लागत नाही

चिकलठाण्याला आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या दाराला लोखंडी साखळीची कडी होती. थोरले दीर गावाहून आले की पुढच्या खोलीत खाटेवर बसत, आणि मी आतल्या खोलीत दाराआड. आमच्या घराण्यात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर यायचं नसतं, बोलायचं तर नाहीच. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते बाहेरून विचारायचे, "स्वयंपाक झाला का?" झाला असला की मी कडी वाजवायची. झाला नसला तर गप्प राहायचं. कडी म्हणजे हो, गप्प म्हणजे नाही. त्याहून जास्तीचं काही असलं तर मुलीच्या कानात सांगायचं, मग ती पुढं जाऊन "आई म्हणती" म्हणून बोलायची. तिला नीट बोलता येऊ लागलं तेव्हापासून हे काम तिच्याकडंच होतं.

मला यात कधी वावगं वाटलं नाही. मी बुजरी. एसटीत कंडक्टरकडं तिकीट मागतानासुद्धा माझा आवाज आत जायचा. दाराआड राहायची मुभा होती हे माझ्या सोयीचंच होतं.

मुलगी दहावी पास झाली त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. तिचे बप्पा, म्हणजे थोरले दीर, निकालाचे पेढे घेऊन आले. पेढ्यांबरोबर स्थळही घेऊन आले. पैठणच्या अलीकडं घर, कालव्याचं पाणी आलेली जमीन, मुलगा एकटा. "गुरुवारी पाव्हणे येतेत," ते म्हणाले. आमचे हे खाली मान घालून बसले होते. ह्यांनी मोठ्या भावापुढं कधी मान वर केली नाही. आई-वडील लवकर गेले, भावानंच वाढवलं, कंपनीत चिकटवलं तेही त्याच्याच ओळखीनं. नाही म्हणायला तोंड कुठून आणणार.

ह्यांनी एवढंच विचारलं, "दादा, पोरगी पुढं शिकायचं म्हणत होती."

"शिकू दे की. काय शिकणार?"

ह्यांनी मुलीकडं बघितलं. मुलगी उभी होती पेढ्यांचा पुडा घेऊन. 

"काय होणार हाय शिकून? सांग की. मी काय वैरी हाय का तुझा?" बप्पा म्हणाले. खरंच वैरी नव्हते ते. त्यांनी आवाजही चढवला नव्हता. "नाव तर सांग कामाचं. नाव नाय, गाव नाय, आन् म्हणं शिकायचं."

तिला नाव सांगता आलं नाही.

संध्याकाळी भांडी घासताना मी तिला म्हटलं, "अगं, शाळेत बाई व्हायचं म्हणायचं. नर्स म्हणायचं. काहीतरी म्हणायचं."

"मला नाही व्हायचं ते."

"मग काय व्हायचंय?"

"ते माहीत नाही आई. पण हे नाही." तिनं राखेचा हात तसाच ठेवला. "दुसरी कामं असतात ना? कुणीतरी करतच असंल. मला ती माहीतच नाहीत."

मी काय सांगणार. पोलीस ॲक्शननंतर आमच्या गावात मराठी शाळा आली ती चौथीपर्यंत. पुढची पैठणला होती, आणि पैठणला मला कुणी पाठवलं नाही. बायकांची कामं मला ठाऊक होती ती शेतातली, चुलीपुढची, आणि शाळेतल्या बाईंची. एवढीच. गुरुवारच्या आत तिला एक नाव सापडायला हवं होतं. नाही सापडलं तर बप्पा सुपारी फोडून मोकळे होणार, आणि त्यात त्यांची चूकही म्हणता आली नसती.

शेजारच्या खोलीत एक मुसलमान मावशी राहायच्या, सगळे त्यांना खाला म्हणत. माझ्याहून वयानं मोठ्या, पण मला भाबी म्हणायच्या. त्यांचा थोरला मुलगा कामाच्या शोधात दिवसभर फिरायचा. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, आणि मी कधी नव्हे ते सगळं सांगितलं.

"नौकरी का दफ्तर हय ना, जां नाम लिखाते? उदर एक कमरा हय बाजू में," खाला म्हणाल्या. "कौनसा काम कैसा, क्या पढ़ना, कां पढ़ना, सब कागज में लिखके रखे. फुकट में देखने देते. मेरा वइच बैठता, पंखा हय बोलके."

"नोकरी मिळते का तिथं?"

"नौकरी नै मिलती भाबी. खबर मिलती. इत्ते महीने से खबरच ला रा वो घर में."

नळावरच्या बायका हसल्या. मी हसले नाही. बुधवारी ह्यांची पहिली पाळी होती, तिसऱ्या प्रहरी सुटायची. ते घरी यायच्या आत जाऊन यायचं ठरवलं. ह्यांना सांगितलं, पाहुणे यायचेत तर मुलीच्या पोलक्याला कापड बघून येतो गुलमंडीच्या बाजारातून. ते बरं म्हणाले.

सिटी बसमधून उतरून विचारत विचारत गेलो. विचारलं मुलीनंच. कचेरीच्या दारात पुरुषांची ही रांग, जिन्यापर्यंत. सगळ्यांच्या हातात कागदांच्या पिशव्या. एकही बाई नाही. माझे पाय तिथंच थांबले. मी मुलीला म्हटलं, "चल परत. गर्दी कमी असंल तेव्हा येऊ."

"आई, उद्या पाहुणे येतेत."

ती पुढं झाली, मी तिच्या मागं, पदर तोंडावर ओढून. रांगेतला एक जण म्हणाला, "मावशी, नंबर लावा की." दुसरा म्हणाला, "मावशीलाबी नोकरी पाहिजे रे, जाऊ दे." मुलीनं मान न वळवता सांगितलं, "मार्गदर्शनाच्या खोलीत जायचंय." तो शब्द तिनं बाहेरच्या पाटीवर वाचला असावा. रांग थोडी बाजूला झाली.

खोली लहान होती. भिंतीला कपाटं, मधे लांब टेबल, दोन-तीन मुलं वाचत बसलेली, आणि पंखा. खालांनी सांगितल्यासारखाच. टेबलाच्या टोकाशी एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या असतील, डोळ्यांवर चष्मा. त्या म्हणाल्या, "या ताई, बसा."

मी बसले नाही. मुलीनं सांगितलं, दहावी झालीय, काय करता येतं ते बघायचंय.

त्यांनी कपाट उघडलं. आत जाड पुठ्ठ्याच्या फायली ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येक फाइल एका कामाची, पाठीवर कामाचं नाव. "घ्या, हवी ती काढा," त्या म्हणाल्या आणि परत आपल्या कामाला लागल्या.

मुलीनं हाताला आली ती काढली. शिवणकामाची होती. आम्ही दोघी टेबलाच्या कडेला बसलो. मी म्हटलं, हळू वाच, मलाही कळू दे. ती पुटपुटत वाचायला लागली आणि मी तिच्या बोटाबरोबर डोळे नेत होते. काम काय असतं. बसून का उभ्यानं. शिक्षण किती लागतं. कुठं शिकवतात, किती काळ. पुढं काय होता येतं. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, अडचणी. मान-पाठ दुखणे, डोळ्यांवर ताण, काम कधी असणे कधी नसणे.

मला वाटलं, हे तर स्थळाच्या माहितीसारखंच आहे. घर, जमीन, माणसं किती, पाणी कुठून आणायचं. फक्त स्थळाच्या माहितीत खाली अडचणी कुणी सांगत नाही. त्या आपल्याला जाऊन कळतात.

ती फाइल संपवून मुलगी दुसरी काढायला उठली. मी तिचा हात धरला. "थांब. ही बघितली ना आपण? मग आता दुसरी कशी बघायची?"

मला खरंच तसं वाटलं होतं. आमच्यात एका ठिकाणी बोलणं चालू असलं की दुसरीकडं बघत नाहीत. एक बघायचं, त्याचा काय तो निकाल लावायचा, मग पुढं. मुलीनं दहा ठिकाणं बघितली असं कळलं की तिचं नाव खराब होतं. सरकारी कपाटातली फाइल हातात घेतली, वाचली, म्हणजे आपला शब्द गेल्यासारखंच. मी तर मनात शिवणयंत्र कुठं ठेवायचं हेही बघायला लागले होते.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काय झालं ताई?"

बोलायचं माझ्यावर आलं. इथं दारही नव्हतं आणि कडीही नव्हती. मी खाली बघून विचारलं, "बघितलं म्हणजे घ्यावंच लागतंय का?"

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. हसतील असं वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही हो. दहा बघा, दहाही ठेवून द्या. बघायला काही लागत नाही. नाव नाही, सही नाही, पैसा नाही. बघून नको म्हणण्यासाठीच तर ठेवल्यात."

मी मुलीचा हात सोडला.

मग तिनं एकामागून एक फायली काढल्या. नर्स, बालवाडी, छपाईचं काम, रेडिओ दुरुस्ती, टेलिफोन. काही दोन ओळी वाचून मिटवायची, काहींच्या अडचणी आधी वाचायची आणि ठेवून द्यायची. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं. पाळी सुटायची वेळ झाली होती. मी दोनदा म्हटलं, चल आता. ती म्हणाली, एकच. आणि त्या एका फायलीवर ती थांबली.

पाठीवर आरेखक असं लिहिलेलं होतं आणि खाली ड्राफ्ट्समन. आत एक नमुन्याचं चित्र चिकटवलेलं होतं. पांढऱ्या कागदावर निळ्या-जांभळ्या रेघा, गोल, बाण, आकडे.

"आई, आपल्या फळीवरचा कागद," ती म्हणाली.

आमच्या स्वयंपाकाच्या फळीवर तसलेच कागद अंथरलेले होते. कंपनीत रद्द झालेली ड्रॉइंगं हे रद्दीतून आणायचे. नवे असताना नाकाला झोंबणारा वास यायचा, मग जायचा. त्यावर मी डबे ठेवायची. मुलगी लहानपणी जेवताना मान वर करून त्या रेघांकडंच बघत बसायची, घास हातात तसाच. मी ओरडायची. ते कुणीतरी बसून काढतं, ते एक काम असतं आणि त्याला नाव असतं, हे आम्हा दोघींच्या कधी मनात आलं नव्हतं.

तिनं ती फाइल अथपासून इतिपर्यंत वाचली. दहावी, गणित चांगलं हवं. आयटीआयमध्ये दोन वर्षं. अडचणी: एका जागी बसून काम, डोळ्यांवर ताण, चूक झाल्यास पुढचे सर्व काम वाया जाणे. ती शेवटची ओळ तिनं परत वाचली. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. घाबरलेला होता, पण बप्पांपुढं दिसली ती भीती ही नव्हती.

बाईंनी सांगितलं, आयटीआयचे फॉर्म चालू आहेत, शुक्रवारी शेवटचा दिवस, वडिलांची सही लागेल. फॉर्म कुठं मिळतो तेही सांगितलं. तिथं जाऊन फॉर्म घेतला आणि बस धरली. 

घराच्या दारात बप्पांच्या वहाणा होत्या. ते दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते, आदल्या दिवशीच आले. हेही पाळीवरून आले होते. आम्ही मागच्या दारानं आत गेलो. मी स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं. काडी दोनदा विझली होती.

"कुठं गेल्त्या माय-लेकी?" बप्पांचा आवाज.

"पोलक्याचं कापड आणाया," हे म्हणाले.

"आन बघू, कसलं आणलं. उद्या घालायचं ना पोरीला."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. पिशवीत कापड नव्हतं. मी तिच्या कानात म्हटलं, "सांग, कापडाला नव्हतो गेलो. तुझ्या कामाचं नाव शोधायला गेल्तो."

ती दारात जाऊन उभी राहिली. "आई म्हणती, आम्ही कापडाला नव्हतो गेलो. बप्पा, तुम्ही नाव विचारलं होतं ना. आई म्हणती, नाव सापडलं. आरेखक. ड्रॉइंग काढायचं काम असतं. दोन वर्षं शिकायचं, इथंच, घरी राहून. फॉर्म आणलाय. आई म्हणती, शुक्रवारी द्यायचाय."

मी एवढं म्हटलं नव्हतं. चहा उतू जायला आला तरी माझं लक्ष नव्हतं. 

मग बप्पा सावकाश म्हणाले, "हे तुझी माय म्हणती का तू म्हणती?"

 हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर ती उद्धट ठरणार, आणि फॉर्म तिथंच फाटणार.  मी हात लांब केला आणि कडी वाजवली.

बप्पा हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. "बरं. मायबी शिकायली का आता." मग ह्यांना म्हणाले, "तुझ्या कंपनीत असतेत का रे असले काम करणारे?"

"असतेत दादा. ड्रॉइंगवाले. वेगळी खोली असती त्यांची. त्यांनी रेघ मारली की आम्ही लोखंड कापायचं." हे एवढं कधी बोलत नसत.

"बाया किती हायती त्यात?"

ह्यांनी खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं. पण ह्यांना ते येत नाही. "एकबी नाय."

"मग?"

  मुलगी आत आली होती, मी तिला परत पाठवलं, एकच वाक्य देऊन. या वेळी तिनं तेवढंच सांगितलं. "आई म्हणती, पाहुणे येऊ द्या. बघू द्या. बघितलं म्हणजे घ्यावंच लागतं असं नाही. त्यांनापण आणि आपल्यालापण."

"आपल्याला?" बप्पा म्हणाले. मुलीकडचे नको म्हणतात हे त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही, पण दाराआडून ऐकलं नव्हतं. त्यांनी चहा मागितला. पुढं त्या दिवशी कुणी त्यावर बोललं नाही. फॉर्म मी फळीवर डब्याखाली ठेवला. भरलेला होता, सहीची जागा तेवढी रिकामी.

गुरुवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, मामा आणि दोन बायका. मुलगी जुनंच पोलकं घालून पोहे घेऊन गेली. मामानं विचारायचं ते विचारलं. दळण-कांडण येतं का, शेतात जायची सवय आहे का, चष्मा तर नाही ना. एक दोरा हातात देऊन सुईत ओवायला लावला. तिनं एका झटक्यात ओवला. मी दाराच्या फटीतून बघत होते आणि वाटत होतं, एवढी चांगली नजर दाखवायला नको होती.

मुलगा शांत होता, चेहऱ्यानं बरा होता. त्याच्यात खोट काढावी असं काही नव्हतं. तेच जड जात होतं.

मामा म्हणाला, "आम्हाला पसंत हाय बुवा. नारळ-सुपारी आणलीच हाय संगट. आजच फोडून टाकू. काय म्हणता?"

पिशवीतून सुपारी निघाली. अडकित्ता खाटेवर ठेवल्याचा आवाज मी ऐकला. ह्यांनी भावाकडं बघितलं. सगळ्यांनीच बप्पांकडं बघितलं. बप्पा होकार देणार हे मला दिसत होतं, त्यांनी मांडी बदलली. मग थांबले. मान दाराकडं वळवली आणि म्हणाले, "पोरीच्या मायला इचारू."

पाहुण्यांतली एक बाई हसली. "अवं, त्यांचं काय. त्या कडी वाजवतील की."

"म्हणूनच इचारतो," बप्पा म्हणाले. मग मोठ्यानं, "फोडायची का सुपारी?"

मी दाराशी उभी होते. उकाडा म्हणून पुढचं-मागचं दार उघडं होतं, आणि वारा आला की कडी आपोआप हलून वाजायची. मी दोन्ही हातांनी ती साखळी धरली. घट्ट धरली, एक कडं दुसऱ्यावर टेकू नये म्हणून. मुलगी माझ्याकडं बघत होती, पाहुण्यांच्या मधे बसून, मान न हलवता. मला वाटत होतं बप्पा परत विचारतील. त्यांनी परत विचारलं नाही. वाट बघत राहिले. बाहेर खालांच्या कोंबड्या ओरडत होत्या तेवढंच.

कितीतरी वेळानं बप्पा म्हणाले, "कळवतो तुम्हाला."

मामानं सुपारी परत पिशवीत टाकली. "कळवतो म्हणायची पाळी आमची असती," तो म्हणाला. बप्पांनी त्याला उत्तर दिलं नाही. पाहुण्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला मात्र ते स्वतः गेले, चिडलेल्या माणसाची समजूत काढत. परत येऊन खाटेवर बसले. माझ्याबद्दल काही बोलतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. ते ह्यांना म्हणाले, "माझं तोंड काळं केलंत तुम्ही. पैठणच्या वाटेनं जायची सोय राहिली नाय." मग म्हणाले, "सही तुझी लागती ना त्या फॉर्मवर? मग माझ्याकडं काय बघतो?"

ह्यांनी सही केली. पेन मुलीचंच होतं. त्यांचा हात जड, कागद फाटतो की काय असं वाटलं.

शुक्रवारी बाप-लेक जाऊन फॉर्म देऊन आले. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. ते आठवडे कसे गेले ते मला सांगता येणार नाही. बप्पांनी गावाहून एक अक्षर कळवलं नाही आणि मी फळीवरच्या कागदांकडं बघायचं सोडून दिलं होतं. दुसऱ्या यादीत नाव लागलं. वर्गात तीच एकटी मुलगी होती. त्याचा त्रास तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितला. तेव्हा सांगितला असता तर मी कदाचित तिला घरी बसवलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं. त्या फायलीत अडचणींच्या खाली ते लिहिलेलं नव्हतं.

पुढं तिनं स्वतः पगार घेतला, लग्नही झालं, ते सगळं नीट झालं. बप्पा मात्र त्या गुरुवारनंतर आले ते थेट पुढच्या वर्षीच्या दिवाळीला, ती अजून शिकत असताना. खाटेवर बसले, चहा घेतला. मुलगी आयटीआयच्या ड्रॉइंगचा कागद पसरून बसली होती. ते बराच वेळ त्या रेघांकडं बघत होते आणि मग दाराकडं तोंड करून म्हणाले, "स्वयंपाक झाला का, का आजबी गप्पच राहणार हाय ही?"

मी कडी वाजवली. त्यानंतरही, ते होते तोवर, मी त्यांच्याशी कधी बोलले नाही.